हवेतून पडणारं नत्र: जंगल हिरवंगार दिसतं, ओढा वेगळंच सांगतो

ओढ्याकाठी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता बरेच महिने गेले, आज बसलेच.

काही वर्षांपूर्वी मी पाण्याच्या नमुन्यांचं काम करत होते. त्यात एका डोंगरी ओढ्याचं पाणी आलं. ओढ्याच्या वर शेत नाही, वस्ती नाही, गोठा नाही. माथ्यापर्यंत नुसतं दाट जंगल. पाणी इतकं नितळ की बाटली भरलेली आहे की रिकामी, हे हलवून बघावं लागे. नायट्रेट म्हणजे पाण्यात विरघळलेल्या नत्राचं एक रूप. त्याच्या चाचणीत नळीत पूड टाकतात आणि हलवून काही मिनिटं ठेवतात. जितकं नायट्रेट जास्त, तितका गुलाबी रंग गडद. जंगलातल्या पाण्याला सहसा अगदी फिकी छटा येते, कधी तीही येत नाही. या नळीला बोगनवेलीच्या फुलासारखा रंग चढला. मला वाटलं, नळी नीट विसळली गेली नसेल. दुसरी घेतली, तिसरी घेतली. रंग तोच.

जंगलात खत कोणी टाकत नाही, मग हे नत्र आलं कुठून? उत्तर ऐकून मी तेव्हा चकितच झाले होते. ते आकाशातून आलं होतं.

हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे हे आपण शाळेत शिकतो. पण तो नायट्रोजन झाडाच्या काही कामाचा नसतो. त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ती मिठी सोडवणं फक्त विजेला आणि मोजक्या जिवाणूंना जमतं. हजारो वर्षं जंगलांना मिळायचं ते तेवढंच, आणि जंगलं त्यात भागवायला शिकली. मग माणसाने दोन नव्या वाटा उघडल्या. एक ज्वलनाची. इंजिनात किंवा बॉयलरमध्ये तापमान खूप चढलं की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड धुराबरोबर बाहेर पडतात. दुसरी वाट खताची. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातली निम्म्याच्या आसपास माणसं त्या खतावर पिकलेलं अन्न खातात, त्यामुळे त्याला नावं ठेवायला मी बसलेले नाही. पण शेतात टाकलेल्या युरियातून आणि गुरा-डुकरांच्या शेण-मूत्रातून अमोनिया उडतो, आणि उडालेलं कुठेतरी उतरतंच.

ते पावसात, बर्फात, धुक्यात विरघळून उतरतं. कोरडंही उतरतं, वायू किंवा बारीक कणांच्या रूपात, आणि पानांना चिकटतं. जंगलाच्या दृष्टीने ही दुसरी तऱ्हा महत्त्वाची आहे. झाडाचा शेंडा म्हणजे हवा गाळणारी चाळणीच, आणि सूचिपर्णी झाडांची चाळणी तर फारच बारीक. त्यामुळे शेजारच्या उघड्या माळावर पडतं त्याहून जास्त नत्र जंगलावर पडतं. अमोनिया बराचसा उगमाजवळच उतरतो. ऑक्साइड आणि बारीक कण मात्र शेकडो किलोमीटर जातात, म्हणून आसपास कारखान्याची एकही चिमणी नसलेलं जंगलही यातून सुटत नाही.

हे वाचून बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल हे मला माहीत आहे. तो कोणीतरी विचारेलच, म्हणून इथेच थांबते.

पानगळ

तो प्रश्न मीच विचारते. नत्र म्हणजे खतच ना? मग झाडं जोमाने वाढतील. त्यात बिघडलं काय?

शेतबांध

माझंही तेच म्हणणं आहे. गव्हाला हेक्टरी १२० किलो नत्र द्यायची शिफारस असते. जंगलावर हवेतून पडतं ते किती? वर कुठेच आकडा दिसला नाही. दहा-पंधरा किलो असेल, तर एवढ्याशा नत्राने जंगलाचं वाकडं होतं हे पटत नाही. शिवाय बोट शेवटी शेतकऱ्याकडेच जाणार, ते आत्ताच दिसतंय.

ओढ्याकाठी

शेतबांध, आकडा द्यायचा राहिला, खरंच. माणसाची ढवळाढवळ सुरू होण्याआधी हेक्टरी वर्षाला साधारण १ किलोच्या आसपास पडत असे, कुठे त्याहूनही कमी. आता प्रदूषित भागात १० ते ३० किलो पडतं आणि मोठ्या पशुपालनाच्या पट्ट्यांत त्याहून जास्त. म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आहे.

पण शेत आणि जंगल यांच्या हिशेबात एक मोठा फरक आहे. शेतातून तुम्ही दरवर्षी पीक काढून नेता आणि नत्र त्याच्याबरोबर बाहेर जातं. जंगलातून कोणी काही काढून नेत नाही. पान गळतं, कुजतं, त्यातलं नत्र मुळं पुन्हा उचलतात. तेच नत्र फिरत राहतं आणि त्यात वरून दरवर्षी भर पडत जाते. १० किलो प्रमाणे पन्नास वर्षांत ५०० किलो. आणि गहू आपण वाणच असा निवडलाय की जो खत मागतो. जंगलातली वनस्पती गरिबीत टिकायला तयार झालेली असते.

पानगळ, पहिली काही वर्षं तुम्ही म्हणता तसंच होतं. झाडं वाढतात, पानं जास्त हिरवी होतात. म्हणूनच हे लवकर कळत नाही. जॉन एबर आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याची मांडणी केली आणि तिला नत्रसंपृक्तता म्हटलं. आधी झाडं आणि सूक्ष्मजीव आलेलं सगळं नत्र गिळतात. मग गरज भागते, पण येणं थांबत नाही. मातीतले जिवाणू उरलेल्या अमोनियमचं (म्हणजे अमोनियाच्या पाण्यात विरघळलेल्या रूपाचं) नायट्रेट करू लागतात. नायट्रेट ऋणभारित असतं आणि मातीचे कणही बहुतेक ऋणभारित, म्हणून माती त्याला धरून ठेवू शकत नाही. पाऊस आला की ते पाझरून ओढ्यात जातं. शेवटच्या टप्प्यात झाडंच खंगतात.

ही मांडणी तपासण्यासाठी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून ठरावीक तुकड्यांवर दरवर्षी नत्र टाकलं गेलं. सर्वांत जास्त मात्रा हेक्टरी १५० किलोची. ती मात्रा मिळालेल्या पाइनच्या तुकड्यात २००२ पर्यंत निम्म्याहून अधिक झाडं मेली होती. शेजारच्या पानझडी जंगलाची वाढ मात्र आधी चांगलीच झाली. म्हणजे सगळी जंगलं एका वेगाने एकाच वाटेने जात नाहीत. १९८९ च्या मांडणीतही पुढे दुरुस्त्या झाल्या, ओढ्यात नायट्रेट कधी दिसायला लागतं याचा क्रम ठिकाणागणिक बदलतो. पण नत्र साठून शेवटी गळायला लागतं, हा गाभा टिकलाय.

मूलद्रव्य

उत्तम धागा. एक शंका आहे आणि ती मुद्दाम कठोरपणे विचारतो. ओढ्यातलं नायट्रेट हवेतूनच आलं हे कशावरून? मातीत मुळात टनांनी नत्र असतं. खडकातूनही थोडं येतं. नितळ पाणी आणि गुलाबी नळी हा काही पुरावा नव्हे.

ओढ्याकाठी

शंका रास्त आहे. मलाही तेव्हा हेच वाटलं होतं आणि नुसत्या त्या नळीवरून मी असं कधीच म्हणणार नाही.

एक मार्ग ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंचा. वातावरणात तयार झालेल्या नायट्रेटमध्ये ओझोनकडून आलेला ऑक्सिजन असतो, त्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण ठळकपणे जास्त असतं. मातीत जिवाणूंनी केलेल्या नायट्रेटचा ऑक्सिजन पाण्यातून आणि साध्या हवेतून आलेला असतो. दोन्हींची खूण वेगळी. ओढ्यांचं पाणी असं तपासलं तर बहुतेक वेळा बरंचसं नायट्रेट मातीतल्या जिवाणूंच्या हातचं निघतं. बर्फ वितळताना किंवा मोठ्या पावसात थेट आकाशातून आलेलं नायट्रेटही बऱ्यापैकी सापडतं.

म्हणजे हवेतलं नत्र आधी जंगलाच्या पोटातून फिरून येतं. त्यामुळे नुसते समस्थानिक पुरत नाहीत, प्रयोग करावे लागतात. नेदरलँड्समध्ये १९९० च्या सुमारास सूचिपर्णी झाडांच्या शेंड्यांखाली, जमिनीवर, पारदर्शक छत घातलं गेलं. वरचं प्रदूषित पाणी अडवायचं आणि खाली स्वच्छ पाणी शिंपडायचं. मुळांखालून पाझरणारं नायट्रेट पाहता पाहता उतरलं. आणि युरोपातल्या अनेक जंगलांचे आकडे एकत्र मांडल्यावर दिसलं की वर्षाला हेक्टरी साधारण १० किलोंखाली फारसं काही गळत नाही आणि २५ किलोंच्या वर जवळपास सगळीकडे गळतं. मधल्या पट्ट्यात जमिनीवरचा पालापाचोळा ठरवतो. त्यात कार्बन नत्राच्या २५ पटींहून कमी झाला की गळती सुरू व्हायची शक्यता फार वाढते.

मूलद्रव्य

छताचा प्रयोग पटला. आता माझ्या विषयातलं थोडं सांगतो, कारण यात एक गोष्ट अशी आहे की जिने तज्ज्ञांनाही बरीच वर्षं चकवलं.

अमोनिया हा अल्क. तो हवेतल्या आम्लाला शमवतो. म्हणजे अमोनिया भरपूर असलेल्या भागात पावसाचा सामू (pH) तपासला तर तो सुधारलेला दिसतो. पाऊस बरा झाला म्हणून आपण समाधान मानतो. पण तेच अमोनियम मातीत उतरलं की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि अमोनियमच्या प्रत्येक आयनामागे हायड्रोजनचे दोन आयन मोकळे होतात. पावसात शमलेलं आम्ल मातीत दामदुपटीने परत येतं. हे नेदरलँड्समधल्या जंगलांत झाडांखाली ठिबकणाऱ्या पाण्याच्या अभ्यासातून १९८२ मध्ये पुढे आलं.

पुढची साखळी अशी. नायट्रेट पाझरताना एकटं जात नाही, विद्युतभार सांभाळायला जोडीदार लागतो. तो जोडीदार म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. जंगलाच्या मातीने हजारो वर्षं खडकातून कणाकणाने जमवलेली ही पुंजी. ती संपत आली की नायट्रेटबरोबर ॲल्युमिनियम सुटू लागतं. मातीत ॲल्युमिनियम कायमच असतं, पण आम्ल वाढलं की ते विरघळतं आणि विषारी होतं. बारीक मुळं जळतात. ओढ्यात पोचलं की माशांच्या कल्ल्यांवर बसतं, त्यांच्या अंगातले क्षार सुटतात आणि श्वास कोंडतो.

हे सर्वांत जास्त होतं बर्फ वितळण्याच्या दिवसांत. हिवाळाभर साठलेलं सगळं काही दिवसांत ओढ्यात उतरतं. वर्षाची सरासरी ठीक दिसते आणि त्या एका आठवड्यात ट्राउटची पिल्लं मरून जातात. सरासरीच्या आकड्यावर माझा म्हणूनच विश्वास नाही.

पानगळ

बाप रे. पाऊस सुधारला म्हणून माती सुधारली असं नाही, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

भूछत्री

मातीत काय बिघडतं त्यावर मी लिहिते, कारण या विषयात बुरशीची आठवण कोणालाच होत नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाइन, ओक, बीच, स्प्रूस यांच्या मुळांची टोकं उकरून भिंगाखाली बघा. मूळ असं उघडं दिसतच नाही. त्यावर मोज्यासारखं बुरशीचं आवरण असतं, पांढरं, पिवळं, कधी तपकिरी, आणि त्यातून केसाहून बारीक धागे मातीत लांबवर पसरलेले. झाड साखर देतं, बुरशी त्या बदल्यात नत्र, स्फुरद आणि पाणी आणून देते. हा व्यवहार टंचाईवर चालतो. नत्र मुळाशी आयतं मिळायला लागलं की झाड साखर देणं कमी करतं. मग ज्या बुरशी सेंद्रिय पदार्थातून कष्टाने नत्र काढायच्या, त्याच आधी जातात. त्यांच्या जागी नत्र सोसणाऱ्या थोड्या जाती उरतात. नेदरलँड्समध्ये मुळांशी जोडलेल्या या बुरशींच्या छत्र्या काही दशकांत स्पष्टपणे कमी झाल्या.

आणि बुरशी गेली की फक्त नत्राचा पुरवठा जात नाही. स्फुरद आणणारी आणि दुष्काळात पाणी ओढून देणारी तीच. म्हणजे नत्राने भरलेलं झाड इतर सगळ्याला भुकेलं होतं. त्यात पानांत नत्र जास्त, म्हणून किडींना ते जास्त रुचतं. नेदरलँड्सच्या हीदरच्या माळांवर हेच झालं. नत्राने पोसलेल्या झुडपांवर हीदर भुंगेरा तुटून पडला, झुडपं मेली, उघड्या पडलेल्या जागेत मोलिनिया गवत शिरलं आणि जांभळे माळ हां हां म्हणता गवताळ झाले.

तळटीप

गवताचा विषय निघालाच आहे तर रॉदॅमस्टेड या शेती-संशोधन केंद्राचं नाव घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये तिथल्या पार्क ग्रास कुरणावर १८५६ पासून वेगवेगळी खतं टाकून बघतायत, आजही. खत न टाकलेल्या पट्ट्यात तिसाहून अधिक जाती एकत्र नांदतात. अमोनियमचं खत वर्षानुवर्षं मिळालेल्या, चुना न टाकलेल्या पट्ट्यात दोन-तीन जातींचं गवत उरलंय. जंगलाच्या तळाशीही तसंच. वेस्ट व्हर्जिनियातल्या फर्नो जंगलात १९८९ पासून एका अख्ख्या पाणलोटावर वरून अमोनियम सल्फेट टाकत होते, हेक्टरी वर्षाला ३५ किलो नत्र. तिथे जमिनीवरच्या नाजूक रानफुलांना हटवून ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या पसरल्या.

मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो शेजारचा पाणलोट. तुलनेसाठी ठेवलेला, ज्यावर कोणी काहीच टाकलं नाही. त्याच्या ओढ्यातलंही नायट्रेट १९७० च्या दशकापासून चढत गेलं होतं. हवेने तिथे आधीच तो प्रयोग चालवला होता.

ओढ्याकाठी

ही शेवटची ओळ मी वहीत उतरवून घेतली. धन्यवाद.

उभा_पाऊस

थोडं विरुद्ध मत मांडतो, राग मानू नका. नत्रामुळे झाडं वाढतात, म्हणजे ती कार्बन शोषतात. हवामान बदलाच्या काळात हा फायदाच नाही का? हार्वर्ड फॉरेस्टबद्दल असंही वाचलंय की नत्र टाकल्यावर पालापाचोळा कुजण्याचा वेग मंदावला आणि मातीत कार्बन साठला. ही बाजू धाग्यात यायला हवी.

ओढ्याकाठी

राग कसला, ही बाजू खरीच आहे. नत्राने लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचं काम मंदावतं आणि मातीत कार्बन साठतो. झाडांच्या वाढीचंही मोजमाप झालंय. ईशान्य अमेरिकेतल्या २४ सामान्य जातींचा २०१० मध्ये छापून आलेला अभ्यास आहे. हवेतल्या नत्रासोबत ११ जातींची वाढ वाढली होती आणि ३ जातींची घटली होती. उरलेल्यांच्या वाढीवर ठळक परिणाम नव्हता.

पण दोन गोष्टी जोडीला ठेवा. नत्राने तुडुंब मातीतून नायट्रस ऑक्साइड सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा तापवण्याचा प्रभाव वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट असतो. फायद्याचा काही भाग तिथेच खर्च होतो. दुसरं म्हणजे ११ वाढल्या आणि ३ घटल्या याची बेरीज करून जंगल फायद्यात आहे असं मला म्हणवत नाही. काही जाती पुढे सरकल्या आणि काही मागे पडल्या, तर काही दशकांनी ते जंगलच वेगळं होतं. आणि ओढा त्या बेरजेत कुठेच येत नाही.

उभा_पाऊस

ओढ्याचा मुद्दा मान्य. कार्बनचा ताळेबंद मांडताना पाणी मी धरलंच नव्हतं.

दगडफूल

माझं सदस्यनामच दगडफूल, त्यामुळे इथे गप्प राहणं शक्य नाही.

दगडफुलाला (लायकेनला) मूळ नसतं, पाणी आणि अन्न ते थेट हवेतून आणि पावसातून घेतं. हवेत जे येईल ते त्याच्या अंगात जाणार, आडकाठी काहीच नाही. म्हणून जंगलात नत्राचा पहिला बळी तेच, झाडांच्या कितीतरी आधी. विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांवरून हवेची प्रत ओळखता येते हे लिहून ठेवलंय.

नत्राची गोष्ट अशी की सगळी दगडफुलं मरत नाहीत. खोडावरून लोंबणाऱ्या राखाडी-हिरव्या दाढ्या आणि मोठ्या पानांसारखे नाजूक प्रकार जातात. त्यांच्या जागी झगझगीत पिवळी-केशरी, खोडाला घट्ट चिकटलेली दगडफुलं येतात, ज्यांना नत्र आवडतं. लांबून पाहणाऱ्याला खोड अजूनही रंगीत दिसतं. मी बोटाने त्या पिवळ्या चकत्या चाचपून पाहिल्यात, सालीला खरडून काढाव्या लागतील इतक्या पक्क्या. आणि शेजारच्या खोडावर जुन्या दाढ्यांची नुसती सुकलेली टोकं. सगळं रान दगडफुलांनी भरलंय म्हणून सोबतचे लोक खूष झाले होते. मला काही केल्या खूष होता येईना.

शेतबांध

सगळं वाचलं. पीक काढून नेण्याचा मुद्दा पटला, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण नेदरलँड्सचं नाव चार वेळा आलं, तर तिथल्या शेतकऱ्यांवर काय वेळ आली तेही लिहा. चाळीस वर्षं सरकारने जास्त गुरं पाळा, जास्त उत्पादन काढा सांगितलं, कर्जं दिली. मग एक दिवस तुम्हीच प्रदूषक म्हणून कागद हातात दिला. गाड्या आणि विमानं वापरणारे नामानिराळे.

तळटीप

शेतबांध, तुमचा राग मला समजतो. घटनाक्रम देतो, निष्कर्ष ज्याचा त्याने काढावा. तिथे २०१५ पासून एक सरकारी योजना होती. नत्र भविष्यात कमी होईल असं गृहीत धरून आजच्या प्रकल्पांना परवाने द्यायचे. २९ मे २०१९ रोजी तिथल्या कौन्सिल ऑफ स्टेटने, म्हणजे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, ती रद्द केली. पुढे होणारी सुधारणा आजच खर्च करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. परवाने अडकल्यामुळे हजारो बांधकामं आणि गोठ्यांचे विस्तार थांबले. त्या ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. मार्च २०२० पासून महामार्गांवर दिवसाचा वेग ताशी १०० किलोमीटरवर आणला गेला, म्हणजे गाड्यांनाही थोडी झळ बसली. आणि मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा नवा पक्ष पहिला आला.

माझं मत विचाराल तर चूक सरकारची. अमोनियाचा परिणाम १९८० च्या दशकातच माहीत होता. तेव्हा हळूहळू सुरुवात केली असती तर एका पिढीला एवढा झटका बसला नसता.

तिथल्याच जंगलातली एक गोष्ट सांगून थांबतो. आम्लाने मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं, म्हणून गोगलगायी कमी झाल्या, कारण शंखाला कॅल्शियम लागतं. रामगंगा (ग्रेट टिट) जातीचे पक्षी अंड्याच्या कवचासाठी त्याच गोगलगायी खातात. गोगलगायी नाहीत म्हणून कवच पातळ, अंडी फुटतात, माद्या रिकाम्या घरट्यावर बसून राहतात. हे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. अलीकडे तिथे पाय मोडलेली पिल्लंही घरट्यात सापडली आहेत.

शेतबांध

रिकाम्या घरट्यावर बसणाऱ्या माद्या. हे विसरता येणार नाही.

सरकारने आधीच सुरुवात करायला हवी होती, त्याच्याशी पूर्ण सहमत. युरिया मातीत लगेच गाडला किंवा पाण्यासोबत आत उतरवला तर उडून जाणारं नत्र बरंच वाचतं, हे आम्हालाही माहीत आहे, आणि त्यात पैसा आमचाच वाचतो. शेणाच्या टाक्यांवर झाकण घालता येतं. जनावरांच्या खाद्यात प्रथिनं गरजेपुरतीच ठेवली तर मूत्रातलं नत्र घटतं. यातलं अशक्य काही नाही. पण खर्चाला कोणीतरी हात द्यायला हवा.

पानगळ

मग प्रदूषण थांबवलं तर जंगल पूर्ववत होतं का? किती वर्षांत?

ओढ्याकाठी

ओढा आधी सावरतो, माती खूप नंतर.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये हबर्ड ब्रूक नावाचं संशोधन जंगल आहे. जीन लायकेन्स आणि हर्बर्ट बॉर्मन यांनी १९६३ पासून तिथे पाऊस आणि ओढे दोन्हींचं पाणी तपासायला सुरुवात केली. प्रत्येक ओढ्याच्या तळाशी व्ही आकाराच्या खाचेचा छोटा बंधारा, त्यावरून किती पाणी गेलं ते समजतं, आणि बाटलीतल्या पाण्यावरून त्यात काय गेलं ते. १९६५ च्या हिवाळ्यात त्यांनी एका पाणलोटातली सगळी झाडं तोडून तिथेच पडू दिली आणि नवं काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. उभं जंगल रोज किती नत्र धरून ठेवत असतं, ते तेव्हा समजलं.

१९७० च्या दशकानंतर त्या भागातल्या ओढ्यांमधलं नायट्रेट बरंच घटलंय. हवा स्वच्छ ठेवण्याच्या कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीनंतर गाड्या आणि वीजकेंद्रांचे ऑक्साइड कमी झाले, त्याचा वाटा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने झाडांची नत्राची गरज वाढली, असंही एक कारण दिलं जातं. पण मातीतून गेलेलं कॅल्शियम परत आलेलं नाही, ते खडक झिजून येतं आणि त्याला शतकं लागतात. म्हणून तिथे ऑक्टोबर १९९९ मध्ये हेलिकॉप्टरने एका पाणलोटावर कॅल्शियमयुक्त खनिजाच्या गोळ्या टाकल्या. शुगर मेपल सावरले. २००३ च्या कडक हिवाळ्यात रेड स्प्रूसच्या पानांना शेजारच्या पाणलोटांपेक्षा तिथे खूपच कमी इजा झाली. कॅल्शियम नसेल तर ही झाडं थंडी सोसू शकत नाहीत. पण जगातल्या सगळ्या डोंगरांवर कोणी गोळ्या टाकत फिरणार नाही.

आणि अमोनियाचं काय? ऑक्साइडवर कायदे आले, अमोनियावर फार कमी ठिकाणी. अमेरिकेत बऱ्याच भागांत हवेतून पडणाऱ्या नत्रात आता अर्ध्याहून जास्त वाटा अमोनिया-अमोनियमचा आहे. युरोपात १९९९ च्या गॉथेनबर्ग करारात अमोनियावरही मर्यादा घातली गेली, पण ऑक्साइड जितके उतरले तितका अमोनिया उतरलेला नाही. मला काळजी आहे ती याचीच.

उभा_पाऊस

एक करून बघायची इच्छा आहे. ज्याला जमेल त्याने आपल्या जवळच्या रानात उघड्यावर एक आणि झाडाखाली एक अशी नरसाळं लावलेली बाटली ठेवायची आणि नायट्रेट तपासायचं. झाडाखाली जास्त निघालं तर हवेतून येतंय असं धरता येईल ना?

ओढ्याकाठी

जरूर करा, पण वाचताना सावध राहा. स्वच्छ हवेच्या जंगलात पानं पावसातलं नत्र स्वतःच शोषतात, तिथे झाडाखाली उलट कमी निघतं. प्रदूषित ठिकाणी कोरडं चिकटलेलं नत्र धुऊन येतं, म्हणून जास्त. दोन्ही उत्तरं उपयोगी आहेत. एकाच झाडाखाली एकच बाटली ठेवू नका, ठिबकणं प्रत्येक फांदीखाली वेगळं असतं, निदान पाच-सहा ठेवा. नरसाळ्यात बारीक जाळी, नाहीतर पान आत पडून कुजेल आणि सगळा हिशेब चुकेल. आणि बाटलीवर काळं कापड किंवा फॉइल गुंडाळा. उजेड लागला की आत शेवाळ धरतं आणि तुमचं नायट्रेट खाऊन टाकतं. पाऊस थांबला की त्याच दिवशी बाटली आणायची, थंड ठेवायची आणि लवकर तपासायची.

मूलद्रव्य

चाचणीचा संच फक्त नायट्रेटचा असेल तर अमोनियम सुटून जाईल. दोन्ही घ्या. आणि उर्ध्वपातित पाण्याची एक बाटली तशीच, न उघडता, सोबत नेऊन परत आणून तपासा. तिला रंग आला तर दोष बाटलीत आहे, पावसात नाही.

दगडफूल

ज्या झाडाखाली बाटली ठेवाल त्याच्या खोडाचा फोटोही काढा, चारी बाजूंनी. कोणती दगडफुलं आहेत ते मी ओळखून सांगते.

उभा_पाऊस

सहा बाटल्या, काळं कापड, दोन संच, खोडाचे फोटो. लिहून घेतलं. पहिला पाऊस झाला की आकडे इथेच टाकतो.